उरलेल्या सालाचा हिशोब

व्यावसायिक खेळाडूचा करार मुदतीआधी मोडला, तर उरलेल्या मुदतीचे पैसे कोणी सोसायचे? आणि संघाच्या एकूण खर्चावर लीगने मर्यादा घातली असेल, तर त्या मर्यादेत ही मोडतोड कुठे बसवायची? हा प्रश्न परदेशातल्या श्रीमंत लीगचा वाटतो, पण तो आता मराठवाड्याच्या उंबऱ्यावर आला आहे. निलंगा तालुक्यात कबड्डी खेळणारी पोरं प्रो कबड्डीचे लिलाव डोळ्यांत तेल घालून पाहतात. शेजारच्या नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. यांतल्या एखाद्या पोरापुढे उद्या कराराचा कागद आला, तर त्यात काय वाचावं हे सांगणारं घरात बहुधा कोणी नसतं.

म्हणून हा संवाद. मामा निलंग्यातले निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, भाची तिथल्याच कोर्टात वकिली करते. करार म्हणजे खेळाडूला दिलेला शब्द, असं मामांचं म्हणणं. करार हा दोघांचा व्यवहार आहे आणि त्यातून बाहेर पडायची वाटही आधीच लिहिलेली असावी, हे भाचीचं म्हणणं. आधी दोघांचं ऐकू, माझं मत शेवटी सांगतो.

मामा: व्यंकटेश अय्यरचंच घे. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात कोलकात्याने त्याला २३ कोटी ७५ लाखांना घेतलं. पुढच्या हंगामात ११ सामन्यांत त्याच्या १४२ धावा झाल्या. लगेच नोव्हेंबरात सोडून दिला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये बंगळूरूने तोच गडी ७ कोटींना घेतला. एका वर्षात पावणेसतरा कोटींनी किंमत उतरली. आता सांग, कोलकात्याचं काय बिघडलं? त्याचे पैसे त्यांच्या थैलीत, म्हणजे लिलावात खर्चायला ठरवून दिलेल्या रकमेत, परत आले आणि त्यांनी कॅमेरून ग्रीनवर २५ कोटी २० लाख लावले. सोडणाऱ्याला काहीच झळ लागत नसेल, तर तो कशाला विचार करील?

भाची: पण मामा, त्यात फसवणूक कुठे झाली? दरवर्षी ठरलेल्या तारखेआधी खेळाडू सोडायची मुभा नियमातच आहे. अय्यरला ते माहीत होतं, त्याच्या सल्लागाराला माहीत होतं. एका हंगामासाठी २३ कोटी ७५ लाख एवढी मोठी बोली लागली, तीही संघाला पुढे अडकून पडायची भीती नव्हती म्हणूनच. तीन वर्षांची हमी द्यावी लागली असती, तर कोण एवढा आकडा बोललं असतं? मोठी रक्कम हवी तर मुदत आखूड, लांब मुदत हवी तर रक्कम बेताची. दोन्ही एकदम कोणालाच मिळत नाही.

मामा: मग रक्कम तरी मोकळी सोडा ना! तीही बांधलेलीच आहे. आयपीएलच्या त्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटींची थैली होती. हॉकी इंडिया लीग ऑक्टोबर २०२४ च्या लिलावातून पुन्हा उभी राहिली, तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघाला ४ कोटी होते. त्यात २४ खेळाडू बसवायचे. हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबने ७८ लाखांना घेतलं. देशाच्या कर्णधाराला ७८ लाख, आणि तीच त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली! उरलेले तेवीस जण राहिलेल्या सुमारे सव्वातीन कोटींत. खेळाडूच्या डोक्यावर छत घातलंस, ते मी मान्य करतो. पण छत घातलंस तर पायाखाली जमीनही दे. वर जायला बंदी आणि खाली पडायला मोकळीक, हा कुठला न्याय?

भाची: छत का घातलं तेही बघा. थैलीला मर्यादा नसेल तर ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे सगळे चांगले खेळाडू. दोन संघ खेळतील, बाकीचे हरायला येतील, आणि तीन वर्षांत लीग बंद. आपल्याकडे लीग बंद पडायला वेळ लागत नाही. २०१२ ची वर्ल्ड सीरिज हॉकी आठवते ना? पुणे स्ट्रायकर्स अंतिम सामन्यापर्यंत गेले, मुंबईत शेर-ए-पंजाबकडून हरले, आणि तो एकच हंगाम झाला. खेळाडू नंतर पैशांसाठी खेटे घालत बसले. पहिली हॉकी इंडिया लीगही २०१३ ते २०१७ चालली आणि मग कितीतरी वर्षं बंदच. खर्चाला लगाम म्हणजे खेळाडूशी वैर नव्हे. लीग जगली तर पगार मिळेल.

मामा: लगामाला माझी ना नाही. लगाम एकाच बाजूने ओढला जातो, त्याला आहे. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. उचल दिली जाते, धान्य ठरतं, कपडालत्ता ठरतो. आता मालकाने पेरणी-कोळपणी करून घेतली आणि सोयाबीन उभं असताना गड्याला काढलं, तर गाव काय म्हणतं? उरलेल्या सालाचा हिशोब कर, मग काढ. आणि गडी उचल घेऊन मध्येच निघून गेला, तर त्यालाही कोणी मोकळं सोडत नाही. साल ज्याने मोडलं त्याच्या नावावर बाकी पडते. एवढी साधी गोष्ट कोट्यवधींच्या लीगला का जमू नये?

भाची: जमलेली आहे. अमेरिका-कॅनडात एनएचएल नावाची आइस हॉकीची लीग आहे. बर्फावरचा खेळ, आपल्या हॉकीहून वेगळा, पण करार मोडण्याचा हिशोब जगात सर्वांत बारकाईने तिथे मांडला गेलाय. तुमच्या मताला आधार मिळेल आणि माझ्याही, म्हणून सांगते. २००४-०५ चा त्यांचा अख्खा हंगाम वाया गेला. मालक म्हणत, पगारखर्चाला मर्यादा पाहिजे. खेळाडूंची संघटना म्हणे, नको. एकही सामना झाला नाही. शेवटी २००५ मध्ये तोडगा निघाला. खेळाडूंनी मर्यादा मानली, सुरू असलेल्या करारांत २४ टक्के कपातही सोसली, आणि बदल्यात लीगच्या उत्पन्नात ठरलेला हिस्सा मिळवला. पहिल्या वर्षी मर्यादा होती ३ कोटी ९० लाख डॉलर, २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाखांवर गेली. आणि तिथे करार सहसा हमीचा असतो. नुसता खेळ घसरला म्हणून एका पत्राने घरी पाठवता येत नाही.

मामा: मग नको असलेल्या खेळाडूचं करतात काय?

भाची: उरलेला करार पैसे मोजून सोडवतात. समजा दोन वर्षं उरलीत आणि वर्षाचा पगार ३ कोटी आहे. म्हणजे राहिले ६ कोटी. खेळाडू २६ वर्षांचा किंवा मोठा असेल तर त्याला दोन-तृतीयांश, म्हणजे ४ कोटी द्यायचे. २६ हून लहान असेल तर एक-तृतीयांश, कारण त्याच्यापुढे दुसरीकडे कमवायला वर्षं आहेत. ही रक्कम उरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळात वाटायची. म्हणजे चार वर्षं, दरवर्षी १ कोटी. आणि मुख्य गोष्ट अशी, की हा १ कोटी चारही वर्षं संघाच्या मर्यादेत मोजला जातो. खेळाडू गेला, दुसऱ्या संघात खेळू लागला, तरी जुन्या संघाच्या वहीत त्याचं नाव राहतं. तेवढी जागा नव्या खेळाडूसाठी वापरता येत नाही.

मामा: हाच तर न्याय आहे! मोडलंस ना, मग वाहा ओझं.

भाची: थांबा, ते ओझं कोणाच्या खांद्यावर पडतं ते ऐका. २०१२ मध्ये मिनेसोटा संघाने झॅक पारिसे आणि रायन सूटर या दोघांशी प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाख डॉलरचे करार केले. पगाराची मांडणी अशी, की सुरुवातीच्या वर्षांत भरपूर पैसे आणि शेवटच्या वर्षांत अगदी थोडे. मर्यादेत मात्र दरवर्षी सरासरी धरली जायची, साधारण ७५ लाख. जुलै २०२१ मध्ये दोघांचेही करार एकाच दिवशी सोडवले. तोवर मोठा पगार देऊन झाला होता, पुढच्या वर्षांचा पगारच कमी होता. त्यामुळे खेळाडूंना काढून पैसा फारसा वाचत नव्हता. आणि जे वाचत नाही ते मर्यादेत मोजलं जातं, असा नियम. पहिल्या वर्षी ओझं बेताचं होतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये दोघांचं मिळून वर्षाला सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर झालं. २०२४-२५ ची मर्यादा ८ कोटी ८० लाख. म्हणजे थैलीचा सहावा हिस्सा अशा दोन माणसांवर, जे संघात नाहीत. २०२३-२४ मध्ये मिनेसोटा बाद फेरीतही पोचला नाही.

मामा: पोचला नाही तर नाही. एवढे लांब करार करायला कोणी सांगितलं होतं?

भाची: पण ज्याने केले तो व्यवस्थापक २०२१ ला तिथे नव्हताच. करार एकाने केले, सोडवले दुसऱ्याने, आणि झळ बसली तिसऱ्यालाच. संघात येऊ पाहणाऱ्या पोराला. त्याच्यासाठी ठेवायची रक्कम जुन्या कराराने खाल्ली. तुमचा न्याय कागदावर संघाला शिक्षा करतो, मैदानावर मात्र ती नव्या खेळाडूला भोगावी लागते.

मामा: नाही, हे मला पटत नाही. व्यवस्थापक बदलला म्हणून संघ बदलत नाही. बाप गेला म्हणून सोसायटीचं कर्ज माफ होत नाही. आणि त्या दोघांना ठेवायचा मार्ग संघाला मोकळा होता की! कर्जाचा बोजा पाहूनच त्यांनी निर्णय घेतला. नव्या पोराचं म्हणशील तर त्याची जागा जुन्या खेळाडूने नाही खाल्ली, संघाच्या घाईने खाल्ली. शिवाय एका संघाचं हे झालेलं पाहून बाकीचे संघ सही करायच्या आधी चार वेळा हिशोब करतील. कोलकात्याला असं काही पाहावं लागत नाही, म्हणून २३ कोटींची बोली हात वर करून लावता येते आणि वर्षभराने पुसून टाकता येते.

भाची: आणि मोडणारा खेळाडू असेल तर? इल्या कोवाल्चूकने २०१० मध्ये न्यू जर्सीशी १५ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला. तीन वर्षांनी निवृत्ती जाहीर केली आणि रशियातल्या लीगमध्ये खेळायला गेला. १२ वर्षं आणि ७ कोटी ७० लाख डॉलर बाकी होते. तो गेला, आणि न्यू जर्सीच्या मर्यादेतून २०२४-२५ पर्यंत दरवर्षी अडीच लाख डॉलर कापले गेले. मोडलं खेळाडूने, भरलं संघाने.

मामा: उरलेले पैसे तर त्याला मिळाले नाहीत ना?

भाची: नाही मिळाले. ते सोडून गेला.

मामा: मग त्याने त्याचं भरलं. संघाचं का कापलं?

भाची: कारण तोही लांबवलेलाच करार होता. सुरुवातीला पैसे जास्त, शेवटी कमी, म्हणजे सरासरी खाली येते आणि मर्यादेत जागा उरते. त्याआधी १७ वर्षांचा करार केला होता, तो लीगने नामंजूर केला आणि लवादानेही लीगची बाजू घेतली. मर्यादेला वळसा घालून मिळवलेला फायदा संघाकडून परत घ्यायचा, म्हणून २०१३ मध्ये तसा नियम केला.

मामा: म्हणजे तिथेही माझंच तत्त्व. ज्याने ज्या प्रमाणात लबाडी केली, त्याने त्या प्रमाणात भरलं. आपल्याकडे बघ. हॅरी ब्रूकला दिल्लीने सव्वासहा कोटींना घेतलं. मार्च २०२५ मध्ये त्याने देशाकडून खेळण्याच्या तयारीसाठी माघार घेतली, आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. नियम आधी सांगितलेला होता, मला तक्रार नाही. संघ थैली राखून, आखणी करून बसलेला असतो, त्याचा खोळंबा होतो. पण मग संघाने खेळाडूचा खोळंबा केला तर त्या संघाला कुठली बंदी आहे? एका पारड्यात दोन वर्षं, दुसऱ्या पारड्यात काहीच नाही. माझं भांडण आहे ते इथे.

भाची: इथे मी तुमच्याबरोबर आहे. पण एक प्रसंग असा आहे, जिथे संघाला लगेच करार मोडता आलाच पाहिजे. गैरवर्तन. मॅच ठरवून हरणारा, सहकाऱ्याला मारणारा, उत्तेजक घेणारा खेळाडू हमीच्या करारामागे लपून पगार घेत राहिला तर कोणती शिस्त उरेल?

मामा: गैरवर्तन झालं हे ठरवणार कोण? सप्टेंबर २०२५ मध्ये प्रो कबड्डीत काय झालं ते तूही वाचलंस. पवन सेहरावत. ज्याला दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं होतं, तो बाराव्या हंगामात तमिळ थलायवाजकडे ५९ लाख ५० हजारांना गेला. हंगाम सुरू असतानाच संघाने शिस्तीचं कारण सांगून कर्णधाराला घरी पाठवलं. त्याने आरोप नाकारले. कोण खरं, कोण खोटं, मला ठाऊक नाही. माझ्यापर्यंत आली ती दोन निवेदनं. आरोप करणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा एकच असेल तर तुझ्या कोर्टात ते चालेल का?

भाची: नाही चालणार. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय शिक्षा नाही, हे न्यायाचं पहिलं पाऊल आहे. एनएचएलमध्येही गैरवर्तनावरून करार रद्द करता येतो, पण खेळाडूंची संघटना लगेच दाद मागते. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसने माइक रिचर्ड्सचा करार असाच रद्द केला. कॅनडाच्या सीमेवर त्याच्याकडे सापडलेल्या औषधाच्या गोळ्यांचं प्रकरण होतं. पाच वर्षांचा करार बाकी होता. संघटनेने तक्रार दाखल केली आणि काही महिन्यांत तडजोड झाली. रद्द केलेल्या कराराचा काही भाग संघाला द्यावा लागला, आणि त्याचा बोजा त्यांच्या मर्यादेत थोडा थोडा करून २०३१-३२ पर्यंत आहे.

मामा: संघटना होती म्हणून. आपल्या पोराच्या मागे कोण आहे? धनराज पिल्ले खडकीचा. १९९८ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली ३२ वर्षांनी सुवर्ण आलं. आणि बक्षीस काय? धनराजसह सात ज्येष्ठ खेळाडूंना संघातून बाहेर बसवलं. विश्रांती दिली म्हणे! सामन्याचं मानधन मागितलं म्हणून हे झालं, असंच हॉकीप्रेमींनी तेव्हा मानलं. तेव्हा करारच नव्हता, मोडायचं काय? आज करार आहे, पण त्याच्यामागे उभं राहणारं कोणी नाही.

भाची: तेव्हा खेळाडूचा खरा आधार नोकरी होती, मामा. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, सेनादल, पोलीस. संघातून वगळलं तरी पगार चालू राहायचा. आजही हॉकी-कबड्डीतल्या बहुतेकांचा पाया तोच आहे. लीगचा करार हे वरचं उत्पन्न. म्हणूनच मी म्हणते, त्याच्यावर आयुष्यभराच्या हमीचं वजन टाकू नका.

मामा: आयुष्यभराची कोण मागतंय? ठरलेल्या मुदतीची मागतोय. बरं, दोघांचीही चूक नसेल तर काय करशील? जानेवारी २०१३. हॉकी इंडिया लीगचा पहिलाच हंगाम. डिसेंबरात दिल्लीला लिलाव झालेला, प्रत्येक संघाला साडेसहा लाख डॉलरची थैली. मुंबई मॅजिशियन्सने संदीप सिंगला घेतलं, आणि चार पाकिस्तानी खेळाडूही घेतले. त्यांत गोलरक्षक इम्रान बट होता. तेवढ्यात नियंत्रण रेषेवर आपले जवान मारले गेले. देशभर संताप. मुंबईत शिवसेनेने निदर्शनं केली. लीग सुरू होऊन दिवस उलटतो न उलटतो तोच सर्व नऊ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवायचं ठरलं. त्यांतले चार एकट्या मुंबईचे. संताप समजण्यासारखा होता, त्याबद्दल मी बोलत नाही. हिशोबाचं बोलतो. खेळाडूंनी करार मोडला नाही, मुंबईनेही मोडला नाही. लिलाव संपलेला, थैली रिकामी, २४ च्या संघातून चार वजा. त्या हंगामात मुंबई पाच संघांत शेवटी राहिली.

भाची: हे प्रकरण मला वकील म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ५६ वं कलम सांगतं, की कराराची पूर्तता पुढे अशक्य झाली तर करार शून्य होतो. त्या कलमाकडे बोट दाखवून कोणीही हात झटकू शकलं असतं. पण करारातली रक्कम या खेळाडूंना मिळेल, असं हॉकी इंडियाने जाहीर केलं होतं. लीग चालवणाऱ्याने निर्णय घेतला तर भार त्याने उचलायचा, ही पद्धत तिथे दिसली. ती लेखी नियम व्हायला हवी होती. कारण तेरा वर्षांनी तसंच पुन्हा झालं. डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याने बांगलादेशच्या मुस्तफिजूर रहमानला ९ कोटी २० लाखांना घेतलं. जानेवारी २०२६ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने त्याला सोडायला सांगितलं. संघाला बदली खेळाडू घ्यायची मुभा मिळाली. त्याची चूक कोणीच सांगितली नाही.

मामा: संघाला थैली मिळाली. खेळाडूला काय, हे नियमात आधीच लिहिलेलं असतं तर एवढा प्रश्नच आला नसता.

भाची: खेळाडूने कोर्टात जावं म्हणाल, तर तिथेही मर्यादा आहेत. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं १४ वं कलम आहे. ज्या कामात माणसाचं वैयक्तिक कौशल्य लागतं, तो करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. म्हणजे ‘याला खेळवा’ असा हुकूम मिळत नाही. मिळाली तर भरपाई. करार कायद्याच्या ७३ व्या कलमाप्रमाणे प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करायचं. करारातच आकडा लिहिलेला असेल तर ७४ व्या कलमाप्रमाणे त्या आकड्याच्या आत जे वाजवी असेल ते. आणि दावा चालणार किती वर्षं? खेळाडूची उमेदीची वर्षं आठ-दहा. निकाल लागेपर्यंत गुडघे संपतात.

मामा: मग तूच सांग, निलंग्याच्या पोराने करायचं काय?

भाची: त्याआधी माझी एक शंका, आणि ती मनापासून आहे. तुम्ही तीन-तीन वर्षांची हमी मागितली तर संघ फक्त नाव झालेले खेळाडू घेतील. खेड्यातल्या अनोळखी पोराला आज संधी मिळते ती करार आखूड आणि स्वस्त असतो म्हणून. चुकलो तर वर्षभराने सोडू, असा विचार करूनच संघ त्याच्यावर डाव लावतो. हमीचं ओझं वाढवलंत तर दार पहिल्यांदा त्याच्याच तोंडावर बंद होईल.

मामा: यात तथ्य आहे. मी मुदत वाढवा म्हणत नाही. एका हंगामाचा करार असू दे, पण तो हंगाम पुरा असू दे. दुखापत झाली, फॉर्म गेला, प्रशिक्षकाशी पटलं नाही, तरी त्या हंगामाचे पैसे पुरे. आणि हंगामाच्या मध्यात काढलं तर त्या खेळाडूची रक्कम संघाच्या थैलीतून वजाच राहिली पाहिजे. बदली घ्यायचा तर उरलेल्या थैलीतून घ्या. एवढं केलं तरी काढण्याआधी दहा वेळा विचार होईल.

भाची: आणि शिस्तीचं प्रकरण असेल तर? माझी मागणी अशी, की लीगबाहेरच्या माणसाने ठरावीक दिवसांत निकाल द्यावा. खेळाडू दोषी ठरला तर पगार बंद आणि थैलीची रक्कम संघाला परत. निर्दोष ठरला तर पूर्ण पैसे, आणि रक्कम थैलीत मोजलेली. मंडळाने किंवा सरकारने थांबवलं तर पैसे लीगने द्यायचे आणि संघाला थैलीत सूट. लीगच बुडाली तर? त्यासाठी हंगाम सुरू होण्याआधी मालकाने बँक हमी ठेवावी.

मामा: संघ बाहेर पडला तरी. २०२५ मध्ये यूपी रुद्राजने हॉकी इंडिया लीग सोडली, तेव्हा लीगच्या संचालन मंडळाने संघाची जबाबदारी घेतली. चांगलं केलं. पण हे मेहेरबानी म्हणून नको, नियम म्हणून हवं.

भाची: नियमासाठी मागणारं कोणी हवं, मामा. एनएचएलच्या खेळाडूंना हे सगळं संघटनेमुळे मिळालं. अख्ख्या हंगामाचा पगार बुडाला, तेव्हा मिळालं.

इथवर ऐकल्यावर माझं मत. तत्त्वाच्या बाबतीत मी मामांच्या बाजूने आहे. मर्यादा घातलेल्या लीगमध्ये खेळाडूला खुल्या बाजाराचा भाव मिळत नाही. लीगच्या भल्यासाठी त्याच्या कमाईला वरून बांध घातला जातो. तो बांध त्याने मान्य केला, तर ठरलेल्या मुदतीची खात्री हा त्याचा मोबदला आहे, उपकार नाही. आपल्या लिलावांत सोडलेल्या खेळाडूची रक्कम जशीच्या तशी थैलीत परत येते, त्यामुळे हंगामागणिक माणूस बदलणं संघाला फुकट पडतं. फुकट पडणारी गोष्ट माणसं सढळ हाताने करतात. मध्येच मोडलेल्या कराराचा काही भाग तरी संघाच्या मर्यादेत मोजलाच पाहिजे.

मार्गाच्या बाबतीत मात्र भाचीचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेतली लांब मुदतीची हमी इथे जशीच्या तशी आणली, तर मिनेसोटासारखी ओझी इथेही तयार होतील आणि ती सर्वांत आधी नव्या, अनोळखी खेळाडूवर पडतील. चार-पाच कोटींच्या थैलीत एक चुकीचा करारसुद्धा संघाला दोन वर्षं मागे नेऊ शकतो. म्हणून आखूड मुदत, पण पुरी पाळलेली. मोडण्याची मुभा, पण किंमत लिहिलेली. आणि किंमत कोणाची, हे कोणी मोडलं यावर ठरलेलं. संघाने मोडलं तर संघाच्या थैलीतून, खेळाडूने मोडलं तर खेळाडूच्या उरलेल्या पैशांतून, लीगने किंवा मंडळाने मोडलं तर लीगच्या तिजोरीतून. गैरवर्तनाचा निवाडा तिसऱ्या माणसाचा.

हे नियम उद्या सकाळी होणार नाहीत. तोवर निलंगा, औसा, देगलूर, मुखेड कुठल्याही तालुक्यातल्या पोरापुढे करार आला, तर त्याने आणि त्याच्या बापाने सहीआधी तीन गोष्टी वकिलाकडून मराठीत समजून घ्याव्यात. दुखापत झाली किंवा बाहेर बसवलं तर हंगामाची किती रक्कम नक्की हातात येणार? काढायचं झालं तर कोणत्या कारणांवर, आणि त्याविरुद्ध दाद कोणाकडे, किती दिवसांत? आणि संघ किंवा लीगच बंद पडली तर पैसे कोण देणार? या तिन्ही गोष्टी लिहून द्यायला समोरचा तयार नसेल, तरी पोराने खेळायला जरूर जावं, संधी सोडू नये. फक्त बोली केवढीही लागलेली असो, ती त्या एका हंगामाची कमाई धरावी, तिच्या भरवशावर कर्ज काढू नये, आणि पोलीसभरतीचा नाहीतर रेल्वेच्या खेळाडू कोट्याचा अर्ज त्याच आठवड्यात भरून टाकावा.